दहावी पायरी सोन्याची

तयाबास,
११ फेब्रुवारी २००८

ती. रुफिनाताईस,
तुझा हात माझ्या कपाळाला टेकवला आहे असं समज आणि मग पुढे वाच.

या घरात मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा. मोलावे लाकडाचा जिना, पायऱ्या दहा, खिळा एकही नाही. शिंपल्याच्या तावदानांच्या सगळ्या सरकत्या खिडक्या. अजून एका बोटाने सरकतात. मारियामाईचा देव्हारा. बेनिताच्या शिवणयंत्राखालचं टेबल. घोड्याच्या आकाराची नारळाची खवणी. लीगायाचा पाळणा, ज्यात आता कोंबडी अंडी घालते. आणि तू बागियोला नेलीस ती पेटी. तिचं झाकण अजून फुसकन हवा सोडत बसतं की नाही, ते कळव.

ही यादी कशाला, म्हणशील. मागच्या आठवड्यात टीव्हीवाले घर बघायला आले. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं: जुनं घर, कारागीर अज्ञात. कारागीर त्यांच्यापुढे कॉफी घेऊन उभा होता.

मालिकेचं नाव ‘पाहुणा आणि पपई’. पूल बांधायला आलेला जपानी इंजिनियर आणि आपल्याकडची पपईच्या बागेतली मुलगी, अशी हसतखेळत प्रेमाची गोष्ट. मुलीचा बाप ताठ. ते महिनाभर आमच्याकडे असणार आहेत. पहिल्याच दिवशी केस लाल केलेली त्यांची सजावटवाली पोरगी म्हणाली की जिना कॅमेऱ्यात मावत नाही, खालची एक पायरी काढून टाकू. मी तिला जिन्यावरून मोजत वर नेलं: सोनं, रुपं, मरण, सोनं, रुपं, मरण. दहावी सोन्यावर येते. तिला म्हटलं, एक काढलीस की माझ्या उंबऱ्यावर येणारा प्रत्येक माणूस मरणावर पाय देऊन घरात येईल, मग ते कॅमेऱ्यात मावलं तर काय नि नाही तर काय. ती हसली, पण दिग्दर्शक साल्गादो हसले नाहीत. त्यांनी स्वतःशेजारी माझ्यासाठी खुर्ची मांडायला लावली. तेव्हापासून मी त्या खुर्चीवर आहे.

बरं झालं. कारण मुलगा मुलीच्या घरी सेवेला येतो तो प्रसंग त्यांनी असा लिहिला होता की हिरो लाकडं फोडतो आणि बाप त्याचे आभार मानतो! मी उठून उभाच राहिलो. आपल्याकडे सेवेला आलेल्या मुलाचे आभार कुठल्या बापाने मानले आहेत? बाप हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, आलास का म्हणून विचारतही नाही. बाप बघतो. मुलगा पाणी भरतो, लाकडं फोडतो आणि आपणहून कधी थांबत नाही. मुलीचा बाप ज्या दिवशी पुरे म्हणेल, त्या दिवशी थांबतो, आणि मग त्याचे आईवडील मागणी घालायला जिना चढून येतात. साल्गादोंनी सगळं लिहून घेतलं.

आता हिरो म्हणजे मनिलाचा नाजूक पोरगा. हात लोण्याचे, त्यात विमा उतरवलेले. म्हणून पाठमोरा दाखवायला त्यांनी दुसरा उभा केला: नोरिहिरो. हा खरा जपानी, आकिता नावाच्या गावचा. हिरोला जपानी बोलायला शिकवायचं म्हणून नोकरीवर ठेवलेला. आपली भाषा बोलतो, पण प्रत्येक शब्द आधी पुसून मग टेबलावर ठेवल्यासारखा. कुऱ्हाड अशी धरतो, जशी कुणीतरी सांभाळायला दिलेली छत्री. मी साल्गादोंना सांगितलं की याला मी तयार करतो, रोज पहाटे माझ्याकडे पाठवा, पण शिकवीन तर पूर्ण शिकवीन.

तर तो येतो. तुझी भाची लीगाया हसते. मी बघतो.

लोभ आहेच, पण थोडा जास्तीचा पाठव. तुझ्याकडच्या थंडीत नासत नाही.

तुझा धाकटा,
अनिसेतो

---

बागियो,
२ मार्च २००८

चि. सेतोस,
दोन्ही हातांनी आशीर्वाद. हातांना जांभळ्या कंदाचा रंग आहे, तुझ्या कपाळाला लागला तर पुसू नकोस.

पेटीचं झाकण फुसकन बसतं. झालं समाधान?

तुझी मालिका सुरू झाली आणि आमच्या मठाचं वळण बिघडलं. संध्याकाळची प्रार्थना संपली की सगळ्या सिस्टर्स मुरंब्याच्या बरण्यांना लेबलं लावण्याच्या निमित्ताने माझ्या स्वयंपाकघरात जमतात, कारण टीव्ही इथेच आहे. मोठ्या मदर येतात त्या म्हणे लेबलं सरळ लागतात का ते बघायला. काल लावलेली सगळी उलटी निघाली.

आता मला एक सांग. मालिकेतला बाप तुझी टोपी घालून का बसला आहे? आणि वाक्याआधी तुझ्यासारखाच खाकरतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातली पळी खाली पडली. म्हटलं, सेतो सुटला की काय एवढा! शिवाय तू पत्रात जे लिहितोस तेच तो आठवड्याने टीव्हीवर बोलतो. मला आता कळेनासं झालंय की यातलं कुठलं आपल्या घरात झालं आणि कुठलं मालिकेत. परवा सिस्टर कोन्सोलासियोन म्हणाल्या की त्या पपईवाल्या मुलीसाठी एक माळ जपू या. मी डोळे मिटले आणि तोंडातून नाव आलं लीगायाचं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. आता विचारतात, लीगाया कोण.

एकच विचारते. मालिकेतली आई घरी आलेल्या मुलाला सुकट-भात वाढते. आपली बेनिता वाढते का तुझ्या त्या जपान्याला? आणि वाढत असेल तर कुठल्या ताटलीत?

उगीच विचारलं नाही. उत्तर दे.

फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस. माया तेवढीच आहे, मोजायला जाऊ नकोस.

तुझी,
रुफिनाताई

---

तयाबास,
१९ मार्च २००८

ती. ताईस,
हात कपाळाला.

ताटलीचं उत्तर आधी देतो. निळ्या कडेची. आईची, घरच्या माणसांची. मी बेनिताला विचारलं की ही कधी काढलीस, तर म्हणाली, पहिल्याच आठवड्यात. पाहुण्यांच्या बशा टीव्हीवाल्यांनी चित्रीकरणाला नेल्या होत्या, दुसरी कुठली उरली होती? पण आता पाहुण्यांच्या बशा परत आल्या आहेत आणि तो अजून निळीतच जेवतो आहे.

तू ‘अजून’ या शब्दाशी थांबली असशील. मीही तिथेच थांबलोय.

चित्रीकरण संपलं, ताई. गाड्या गेल्या, तारा गेल्या, लाल केसांची पोरगी माझ्या खुर्चीला हात लावून निरोप घेऊन गेली. मागच्या सोमवारी पहाटे मी म्हटलं, आज कोंबड्याशिवाय कुणी उठवणार नाही. आणि मागच्या अंगणात कुऱ्हाडीचा आवाज. जाऊन बघतो तर नोरिहिरो. रीतसर झुकला, पुन्हा फोडायला लागला. टीव्हीवाल्यांनी याची नोकरी संपवली म्हणतात. मग हा गेला का नाही? शेजारच्या इस्कामावशीकडे खोली घेऊन राहिलाय, दिवसा कसली तरी भाषांतरं करतो, आणि पहाटे माझ्या अंगणात.

मला कळत नाही. म्हणजे मी एकेक शक्यता बाजूला काढून बघतो आणि एकही नीट बसत नाही. एक: काम संपलं हे त्याला कुणी सांगितलंच नसेल. दोन: मी त्याला शिकवलं होतं की मुलीचा बाप पुरे म्हणेपर्यंत थांबायचं नाही. मी पुरे म्हणालो नाही. मला वाटलं साल्गादो म्हणाले. साल्गादोंना वाटलं असेल मी म्हणालो. म्हणजे तो बिचारा धडा पाळतो आहे. तीन मी लिहीत नाही.

विचारून टाक, म्हणशील. कसं विचारू? बाप विचारत नाही, हे मीच त्याला शिकवलं. मीच विचारलं तर आधीचं सगळं खोटं ठरेल. आणि विचारलं, आणि तो म्हणाला की अरेच्चा, संपलं का, आभारी आहे, आणि झुकून निघून गेला, तर? परवा लीगाया बालवाडीत शिकवायला निघाली तेव्हा अंगणात कुऱ्हाडीचा आवाज नव्हता. तो नुसता पाण्याला गेला होता. पण तेवढ्या वेळात पोरीचं तोंड मी पाहिलं.

आणि तो गेला नाही, तर? तिला तुझ्या बागियोच्या थंडीत दोन दिवस सोसलं नव्हतं, आणि आकिताला म्हणे घराच्या दारापर्यंत बर्फ येतो. आमची एकच आहे.

बेनिता म्हणते, केसभर फटीसाठी फळी परत रंधणारा माणूस तू, आणि एवढा उंच पुरुष तुझ्या अंगणात दिसत नाही होय? मला दिसतो. कशासाठी उभा आहे ते दिसत नाही.

कुऱ्हाड मात्र आता बरी धरतो. त्याला सांगितलं नाही.

मनिलाहून जिन्याबद्दल फोन आला होता. त्याचं मागाहून.

गोंधळलेला पण तुझाच,
अनिसेतो

---

तयाबास,
३० मार्च २००८

ती. आत्यास,
शि. सा. न. आणि एक गुपचूप पापा.

बाबांना न सांगता लिहिते आहे. तू त्यांना सांगशील हे मला माहीत आहे, तरी लिहिते आहे, यावरून काय ते समज.

आत्या, माणूस रोज पहाटे आपल्या घरी लाकडं फोडायला येतो, पाणी भरतो, आईला चुलीजवळून उठू देत नाही, याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. इस्कामावशीने तर तो अर्थ सगळ्या गल्लीला वाटून टाकला आहे. बालवाडीतली पोरं मला ‘सायोनारा बाई’ म्हणतात. पण त्याच्याकडे त्याचा तोच अर्थ होतो का? की बाबा नुसते त्याचे गुरुजी आहेत? तिकडे म्हणे गुरू सांगेपर्यंत शिष्य अंगण झाडतच राहतो. मग मी कोण? अंगण?

गुड फ्रायडेला आपल्याकडे कुणी कुऱ्हाड उचलत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो आला, आईने सांगितलं की आज लोखंडाला हात लावायचा नाही. तर तो ओंडक्यावर बसून राहिला. हात गुडघ्यांवर. जा म्हणून कुणी सांगितलं नाही, म्हणून दुपारपर्यंत बसला. मी शेवटी आल्याचा चहा नेऊन दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, आणि शब्द जुळवत विचारलं की तुझे बाबा पुरे कधी म्हणतील.

बघ. कंटाळलाय. सुटका कधी होईल ते विचारतोय. मी म्हटलं, मला काय माहीत, बाबांना विचार. तो म्हणाला की त्यांना विचारायचं नसतं. आणि मी आत जाऊन कांदे सोलत बसले. घरात त्या दिवशी कांद्याचं काहीच नव्हतं.

बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. तो बाबांशी बोलत नाही. दोघं मिळून ओंडक्याकडे बघतात. आई म्हणते की एका घरात दोन अनिसेतो देवाने कुठल्या पापासाठी दिले.

मला तो जायला नको आहे. हे एवढं वाक्य लिहायला मी वरचं सगळं पत्र लिहिलं.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
लीगाया

---

बागियो,
९ एप्रिल २००८

चि. सेतोस,
आशीर्वाद. आज तो डोक्यावर टपली मारून दिला आहे.

काल तुझा लाकडं फोडण्याचा भाग दाखवला. सगळा मठ हजर होता. आता मी जे बघितलं ते तुला तुझ्यासारखंच मोजूनमापून सांगते, म्हणजे तुला पटेल.

हिरोचं तोंड दिसलं. मग पाठ दिसली, ती हिरोची नव्हती, हे तू लिहिलंच होतंस. मग मुलगी त्याला करवंटीच्या पळीने पाणी देते. फक्त हात दिसतो. आणि सेतो, त्या हातावर मनगटाशी भाजल्याचा डाग आहे. तो डाग कशाचा ते मला विचारू नकोस. केळीच्या पानातला भात उकळत होता तेव्हा तिला पकडायला मीच धावले होते. हिरॉइनला यायला उशीर झाला असेल आणि त्यांनी आपल्या लीगायाचा हात वापरला असेल. तू शेजारीच खुर्चीवर होतास ना? तुझं लक्ष कुठे होतं? कुऱ्हाडीच्या दांड्याकडे!

पुढचं ऐक. तो दोन्ही हातांनी पळी घेतो. पितो. पळी परत देतो. पाणी संपलं, काम संपलं. पण तिचा हात मागे जात नाही. आणि त्याचे हात पळी सोडत नाहीत. हे लिहिलेलं नव्हतं, मी पैज लावते. एवढं चांगलं त्यांना लिहिता येत नाही. साल्गादोंनी तो तुकडा कापला नाही. माझ्या स्वयंपाकघरात लेबलं बरण्यांऐवजी बोटांना चिकटली. मग मोठ्या मदर म्हणाल्या की या मुलांचं लवकर लावून द्या. मी म्हटलं, हो मदर, मी भावाला कळवते. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

तो हात जेव्हा तिथे थांबला, तेव्हा तुझं नाटक चालू होतं की संपलं होतं, ते मला सांगता येणार नाही. त्यांनाही सांगता येणार नाही. पण तू मालिकेतला बाप नाहीस. त्या बापाला पुरे म्हणायला लेखक सांगतो. तुला कोण सांगणार? मीच. मला एक पत्रही आलं आहे. कुणाचं ते सांगणार नाही, पण त्यात कांद्याचा वास आहे. तुझा जपानी लीगायाला विचारतो की बाबा पुरे कधी म्हणतील. ती खुळी समजली की तो कंटाळला. अरे, पुरे म्हटल्याशिवाय आईवडील जिना चढू शकत नाहीत, हे त्याला कुणी शिकवलं? तूच ना?

रीत त्याने तुझ्याकडून घेतली, सेतो. ती तो तुझ्यापेक्षा नीट पाळतो आहे. आता तुझी पाळी. भीती वाटते हे ठाऊक आहे. बर्फाची नाही वाटत तुला. रिकाम्या अंगणाची वाटते. ती घेऊनच तोंड उघड.

नाहीतर मी येईन, आणि माझ्याबरोबर सगळ्या सिस्टर्स येतील.

माया आहे म्हणून टपली आहे.

तुझी,
रुफिनाताई

---

तयाबास,
२८ एप्रिल २००८

ती. ताईस,
हात कपाळाला, टपली पोचली.

म्हटलं एकदाचं. कसं म्हटलं ते सांगतो, कारण बेनिता ते सगळीकडे चुकीचं सांगते आहे.

तुझं पत्र आल्यावर बरेच दिवस मी अंगणात गेलोच नाही, खिडकीतून बघत होतो. मग एका सकाळी खाली गेलो. तो फोडत होता. मी मनात वाक्य जुळवून नेलं होतं, चांगलं होतं, ते जिन्यावरच राहिलं. लाकडांची रास इस्कामावशीच्या कुंपणाएवढी झाली होती. मी तिच्याकडे बघून म्हणालो की ही लाकडं आता दोन पावसाळे पुरतील. तो थांबला. मी खाकरलो. मग म्हणालो, पुरे. आणि आईवडिलांना सांग की आमच्याकडे जिना आहे.

ताई, मला वाटलं, झालं. हा आता झुकेल, आभार मानेल आणि मनिलाची बस पकडेल. वर स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला होता. म्हणजे दोघीही खिडकीशी होत्या. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, जमिनीवर नाही, ओंडक्यात रोवून, मी दाखवली होती तशी. हात पुसले. जिन्याच्या खालच्या पायरीशी उकिडवा बसला, तिच्यावर हात ठेवला, आणि मला विचारलं की त्याच्या आईचे गुडघे दुखतात, ती दर पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढेल. तर मग मोजायचं कसं? पायरीगणिक की पावलागणिक? आणि वडिलांनी पहिला पाय उजवा टाकायचा की डावा?

मला उभ्या आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं की पायरीगणिक, पाय कितीही टेकवा, आणि उजवा. त्याने खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. मग वरून लीगाया ओरडली की बाबा, त्याला आता चहा तरी देऊ का. आणि मी म्हटलं की देत का नाहीस, माणूस केव्हाचा उभा आहे. मग मी देव्हाऱ्यातली धूळ पुसायला गेलो. धूळ नव्हती.

नंतर मी त्याला एकदाच विचारलं, आणि रीत मोडून विचारलं, की मालिकेचं काम कुठल्या दिवशी संपलं आणि हे कुठल्या दिवशी सुरू झालं. त्याने खूप विचार केला. म्हणाला, माहीत नाही. मग मलाच विचारलं की तुम्हाला माहीत आहे का. मलाही नाही. मी निळ्या ताटलीपासून मोजून पाहिलं, पळीपासून मोजून पाहिलं, कुठेच नीट सांधा सापडत नाही. सांधा न दिसणं हे लाकडात चांगलं काम समजतात. इथे काय समजायचं, ते तू सांग.

राहणार कुठे, हेही ठरलेलं नाही. तो म्हणतो तयाबास, ती म्हणते आकिता बघायचंय. दोघंही एकमेकांसाठी बोलतात आणि मग भांडतात. मी मध्ये पडत नाही. बर्फात दारं फुगतात का, ते मात्र विचारून ठेवलं आहे. फुगत असतील तर चौकटी मी इथून करून देईन.

त्याचे आईवडील सान इसिद्रोच्या जत्रेनंतरच्या रविवारी येतील, १८ मेला. तू यायचंस. मठातून कुणाला आणायचं असेल तर आण, लेबलं लावायला देऊ. नारळाच्या सोडणाने जिना रोज घासतो आहे. बेनिता म्हणते की आता चकाकीने विहीणबाई घसरतील. म्हणून दोन दिवस थांबलो.

त्या दिवशी नारळाच्या दारूचा पहिला घोट मी नोरिहिरोला देणार आहे. पेला सगळ्यांत एकच असेल, आपल्या पद्धतीचा. त्याला सांगितलं नाही, तूही कळवू नकोस.

लोभ ठेव, आणि जिना चढताना मोजत चढ.

तुझा,
अनिसेतो

ता. क. मनिलाच्या फोनचं राहिलं. मालिकेच्या शेवटी हिरोचे आईवडील जिना चढतात, आणि तो प्रसंग त्यांना स्टुडिओत करायचा आहे. त्यासाठी माझा जिना उचलून नेऊ का, असं विचारत होते. रक्कम मी मागितली नव्हती, त्यांनीच सांगितली. छत बुटकं म्हणून खालची पायरी तेवढी कापून टाकणार होते. नऊ पायऱ्यांचे नव्वद हजार पेसो. नाही म्हणून कळवलं.